पडद्यावरचे बदल आणि आपल्या अपेक्षा

प्रस्तावना

चूल गेली आणि स्टोव्ह आला. स्टोव्ह गेला आणि गॅसची शेगडी आली. प्रत्येक वेळी नवी वस्तू बाजारातून विकत आणावी लागली, ती कोठे ठेवायची हे घरच्या माणसांनी ठरविले, आणि जुनी वस्तू काही दिवस माळ्यावर पडून राहिली. स्मार्टफोनची गोष्ट निराळी आहे. येथे वस्तू तीच राहते आणि तिचे रूप मात्र पालटते. रात्री फोन चार्जिंगला लावून झोपावे आणि सकाळी पाहावे तो बटणांच्या जागा बदललेल्या, चिन्हांचे आकार बदललेले, अक्षरांचा रंग वेगळाच, असा अनुभव आज असंख्य लोकांना येतो. यालाच आपण बोलीत ‘अपडेट आले’ असे म्हणतो.

हे बदल कोण करते, ते आधी कळू शकतात का, आणि वापरणाऱ्या माणसाला त्याबाबत काही म्हणता येते का, याविषयीचा एक माहितीपर लेख या पाठात दिला आहे. पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हाला एखादे विधान वस्तुस्थिती सांगते, अंदाज वर्तविते की इच्छा व्यक्त करते, हे क्रियापदाच्या रूपावरून ओळखता येईल. तसेच आपली सूचना मोजक्या शब्दांत लिहून योग्य ठिकाणी पाठविता येईल.

मूलपाठ

कोलकात्याच्या नैर्ऋत्येस, हुगळी नदीच्या काठावर गार्डन रीच नावाचा भाग आहे. अठराव्या शतकात कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांनी येथे बागांमध्ये प्रशस्त घरे बांधली, त्यावरून हे नाव पडले. पुढे १८५६ साली राज्य गमावलेला अवधचा नवाब वाजिद अली शाह याच परिसरातील मटियाबुर्ज येथे येऊन राहिला आणि त्याच्याबरोबर लखनौची उर्दू बोली, तेथील स्वयंपाक आणि शिवणकाम येथे रुजले. आज मटियाबुर्जची ओळख शिवणकामावर आणि तयार कपड्यांच्या बाजारावर उभी आहे. शेजारी जहाजे बांधण्याचा मोठा कारखाना आहे. १९६१ साली भारतीय नौदलात दाखल झालेली ‘अजय’ ही युद्धनौका याच कारखान्यात तयार झाली.

मराठी माणसाचा गार्डन रीचशी संबंध येतो तो मुख्यतः रेल्वेमुळे. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेचे मुख्यालय येथे होते, आणि १९५५ पासून दक्षिण-पूर्व रेल्वेचे मुख्यालय येथेच आहे. २००३ मध्ये नागपूर विभाग बिलासपूरच्या नव्या रेल्वेकडे जाईपर्यंत नागपूर, गोंदिया, भंडारा या भागांतील रेल्वे कर्मचाऱ्यांचे वरिष्ठ कार्यालय येथेच होते. विदर्भातल्या रेल्वे कुटुंबांत ‘बी.एन.आर.’ ही तीन अक्षरे जुन्या पिढीच्या तोंडी असत ती यामुळेच.

अशा या वस्तीत बंगाली, उर्दू, हिंदी, इंग्रजी आणि थोडीशी मराठी अशा अनेक भाषा एकाच रस्त्यावर ऐकू येतात. फोन मात्र प्रत्येकाच्या हाती जवळपास सारखाच असतो. तेव्हा गोंदियाहून लग्न होऊन येथे आलेली एक गृहिणी डोळ्यांसमोर आणा. शाळा सातवीत सुटलेली, आता मुक्त विद्यालयातून दहावीची तयारी करणारी. फोन तिने स्वतःच्या हिमतीने शिकून घेतला आहे. कोणते बटण कोठे आहे हे तिने वाचून नव्हे, तर बोटाच्या सवयीने लक्षात ठेवले आहे. खाली उजवीकडे, खाली मध्ये, खाली डावीकडे, असा तिचा हिशेब. त्या हिशेबावर ती गोंदियाला आईशी बोलते, दुकानदाराला पैसे पाठविते, विजेचे बिल भरते.

एके दिवशी फोनमध्ये अपडेट येते आणि खालची तिन्ही बटणे नाहीशी होतात. त्यांच्या जागी एक बारीक आडवी रेघ उरते. ‘मागे’ जायचे कसे? तिला वाटते, फोन बिघडला. किंवा आपल्याच हातून काहीतरी चुकीचे दाबले गेले. ती शेजारच्या मुलाला बोलाविते. तो दोन सेकंदांत काम करून देतो, पण शिकवीत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी पैसे पाठवायची वेळ येते, तेव्हा ती त्याला आपला गुप्त क्रमांकही सांगून टाकते. रेघ आली आणि बटणे गेली, एवढाच तो बदल. पण स्वतःचे पैसे स्वतः पाठविणारी बाई त्यामुळे दुसऱ्याच्या हातावर अवलंबून राहिली. रूपबदलाचा खरा खर्च असा असतो, आणि तो फोनच्या किमतीत कोठेही लिहिलेला नसतो.

वास्तविक, हा प्रश्न सुटण्यासारखा होता. अँड्रॉइड या कार्यप्रणालीत (इंग्रजीत ज्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात, त्या फोन चालविणाऱ्या मूळ व्यवस्थेत) २०१९ साली दहाव्या आवृत्तीत बोट सरकवून फोन चालविण्याची पूर्ण पद्धत आली. परंतु जुनी तीन बटणे काढून टाकलेली नाहीत. सेटिंगमध्ये ‘नेव्हिगेशन’ हा शब्द शोधला, की बटणांची पद्धत पुन्हा निवडता येते. आयफोनच्या बाबतीत मात्र २०१७ च्या ‘आयफोन टेन’पासून खालचे गोल बटणच शरीरातून गेले, आणि त्या फोनवर ते परत आणण्याची सोय नाही. बदल हा नेहमीच सक्तीचा असतो असे नाही, आणि नेहमीच ऐच्छिक असतो असेही नाही. प्रत्येक वेळी शोधून पाहावे लागते.

हे बदल येतात कसे, तेही पाहण्यासारखे आहे. जगातील बहुतेक स्मार्टफोन दोन कार्यप्रणालींवर चालतात. एक गूगलची अँड्रॉइड. दुसरी ॲपलची आयओएस. आयफोन २००७ साली आला, अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ साली. तेव्हापासून दोन्ही कंपन्यांचा साधारण एक वार्षिक क्रम ठरून गेला आहे. गूगल आपली परिषद बहुधा मे महिन्यात घेते, ॲपल जून महिन्यात. तेथे पुढील आवृत्तीचे रूप जाहीर होते. मग चाचणी आवृत्ती निघते; ती उत्साही लोक आपल्या फोनवर घालून पाहतात, तक्रारी करतात, काही गोष्टी सुधारल्या जातात, आणि नंतर पक्की आवृत्ती सर्वांकडे येते. अँड्रॉइडच्या बाबतीत आणखी एक पायरी असते. गूगलने दिलेल्या आवृत्तीवर फोन बनविणारी कंपनी आपला साज चढविते, म्हणून एकाच क्रमांकाची आवृत्ती दोन कंपन्यांच्या फोनवर वेगळी दिसते. शेजारणीच्या फोनवर जे बटण उजवीकडे आहे ते आपल्या फोनवर डावीकडे का, याचे उत्तर येथे आहे.

रूप बदलण्यामागे काही वेळा खरे कारण असते, काही वेळा केवळ नवेपणाची हौस. आरंभीच्या आयफोनवर टिपणवहीचे ॲप खऱ्या पिवळ्या कागदासारखे दिसे, पुस्तकांचे कपाट लाकडी दिसे. लोकांना काचेवर बोट ठेवण्याची सवय नव्हती. ओळखीच्या वस्तूचे चित्र पाहून त्यांना धीर येत असे. २०१३ साली आयओएसच्या सातव्या आवृत्तीत हे लाकूड आणि कातडे निघून गेले आणि सपाट, हलक्या रंगांचे रूप आले. २०१४ साली गूगलनेही अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीत आपली नवी रूपपद्धती आणली. २०२१ च्या बाराव्या आवृत्तीत बटणे गोलाकार व मोठी झाली आणि पडद्यामागच्या चित्रावरून रंग आपोआप ठरू लागले. २०२५ च्या मे महिन्यात गूगलने अधिक उठावदार रंगांची व हालचालींची पुढची पद्धती जाहीर केली. त्याच वर्षी जूनमध्ये ॲपलने ‘लिक्विड ग्लास’, म्हणजे द्रवरूप काचेसारखे दिसणारे पारदर्शक रूप जाहीर केले. (त्याच वेळी ॲपलने आवृत्तीचा क्रमांक १८ वरून एकदम २६ वर नेला. मधल्या सात आवृत्त्या कोठे गेल्या, असा प्रश्न कोणाला पडल्यास त्याचे उत्तर साधे आहे: क्रमांक आता येणाऱ्या वर्षावरून दिला जातो.)

या काचेच्या रूपाची हकिकत बोधप्रद आहे. पारदर्शक बटणामागचे चित्र दिसत राहते, त्यामुळे बटणावरची अक्षरे नीट वाचता येत नाहीत, अशी तक्रार चाचणी आवृत्ती वापरणाऱ्यांनी सुरुवातीपासून केली. ॲपलने चाचणीच्या काळात पारदर्शकपणा कमी-अधिक करून पाहिला. सप्टेंबर २०२५ मध्ये पक्की आवृत्ती आली, आणि त्यानंतरच्या छोट्या आवृत्तीत काच अधिक गडद करण्याचा पर्याय वापरणाऱ्यांच्या हाती देण्यात आला. एवढ्या मोठ्या कंपनीलाही ‘आम्हाला वाचता येत नाही’ हे साधे वाक्य ऐकावे लागले.

आता मराठीकडे वळू. कारण पडद्याचे रूप म्हणजे केवळ रंग आणि बटणे नव्हेत. अक्षरे हाही त्या रूपाचाच भाग आहे. मराठी वाचकाच्या दृष्टीने तर तोच सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणावा लागेल.

लिपीचे रूप बदलण्याचा अनुभव मराठी समाजाने पूर्वी घेतलेला आहे, आणि त्याचा एक धागा याच हुगळी नदीकाठी सापडतो. गार्डन रीचपासून नदीच्या वरच्या अंगाला कोलकात्याचे फोर्ट विल्यम कॉलेज होते आणि त्याहून वर श्रीरामपूरचा छापखाना. विल्यम केरी हे त्या कॉलेजात मराठी शिकवीत. त्यांचे मराठी भाषेचे व्याकरण १८०५ साली छापले गेले. त्यातील मराठी मजकूर देवनागरीत होता. वस्तुतः त्या काळी मराठीतील रोजचे व्यवहार मोडी लिपीत चालत. केरींनाही ते ठाऊक होते; १८१० साली निघालेल्या त्यांच्या मराठी कोशासाठी मोडीचे खिळे वापरले आहेत. तरीही पुढील शतकभरात छापील मराठी देवनागरीतच स्थिरावली. मोडी भराभर, लेखणी न उचलता लिहिण्यासाठी सोयीची होती. सुटे खिळे जुळविणाऱ्या छापखान्याला सुटी अक्षरे सोयीची होती. शाळांतून मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शिकविली गेली आणि मग मागे पडली. आज आजोबांच्या जमिनीचा कागद घरात असतो, आणि तो वाचायला मोडीचा जाणकार शोधावा लागतो. साधनाच्या सोयीसाठी रूप बदलले, की मागे काहीतरी राहून जाते, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

स्मार्टफोनवर देवनागरी आली, पण ती पाहुण्यासारखी आली. यजमान होती रोमन लिपी. रोमन अक्षराला साधारणपणे एका ओळीत मावण्याची सवय असते. देवनागरी अक्षराला डोक्यावर शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. आणि पायाशी उकार व जोडाक्षराचा दुसरा मजला. ‘कर्तृत्व’ किंवा ‘दृष्टी’ हे शब्द रोमन अक्षरांसाठी मापून घेतलेल्या बटणात बसविले, तर वरची वेलांटी तरी कापली जाते किंवा खालचा ऋकार तरी. शब्दांची लांबीही वेगळी पडते. इंग्रजीत चार अक्षरांत मावणारी सूचना मराठीत दोन-तीन शब्द घेते, आणि मग बटणावर अर्धा शब्द व पुढे तीन टिंबे एवढेच दिसते. ‘रद्द करा’ आणि ‘रक्कम भरा’ ही दोन बटणे ‘र…’ एवढीच दिसू लागली तर काय होईल, याची कल्पना करावी.

काही अक्षरे तर मराठीची खास आहेत. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द पाहा. पहिल्यात गुरुजन आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. फरक केवळ र जोडण्याच्या पद्धतीचा. हिंदीला या दुसऱ्या ‘ऱ्य’ची गरज भासत नाही, म्हणून केवळ हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या व्यवस्थेत तो दुर्लक्षित राहू शकतो. तीच गोष्ट ‘ल’ची. मराठीत ‘ल’ दोन पाकळ्यांचा लिहिला जातो. हिंदीत त्याला उभा दंड असतो. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला व अक्षरांची रूपे प्रमाणित केली, त्यातही या गोष्टींचा विचार आहे. आणखी एक गंमत अशी, की ‘ॲप’ हा आज प्रत्येकाच्या तोंडी असलेला शब्द ज्या अक्षराने सुरू होतो, ते ‘ॲ’ हे अक्षर जगभरच्या संगणकांसाठी ठरविलेल्या युनिकोड संकेतात स्वतंत्रपणे दाखल झाले ते २००८ साली. जुन्या फोनवर या अक्षराच्या जागी रिकामा चौकोन दिसे, तो त्यामुळे. बंगालीचा ‘खंड त’ हा असाच उशिरा, २००५ मध्ये संकेतात आला. आणि मटियाबुर्जमधील उर्दू वाचकाला विचारले, तर तो नस्तालिक वळणाबद्दल बोलेल. उर्दू पुस्तके ज्या उतरत्या, लयदार वळणात छापली जातात ते वळण आयफोनवर २०१७ च्या आवृत्तीत आले. तोपर्यंत उर्दू वाचकांना अरबी धाटणीच्या अक्षरांवर भागवावे लागले होते. अनेक उर्दूप्रेमींनी त्यासाठी वर्षानुवर्षे मागणी केली होती.

महाराष्ट्रात या कामी झालेले प्रयत्नही नमूद केले पाहिजेत. पुण्याच्या सी-डॅक या शासकीय संस्थेने १९८८ पासून भारतीय लिप्या संगणकावर आणण्यात मोठा वाटा उचलला. मुंबईचे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट घडविला. विंडोज संगणकावर देवनागरी वाचणारा जवळपास प्रत्येक माणूस कधी ना कधी त्यांचे अक्षर वाचून गेला आहे. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या गटाने ‘स्वरचक्र’ नावाचा कळफलक केला. त्यात ‘क’वर बोट ठेवले, की त्याच्याभोवती का, कि, की, कु, कू अशी बाराखडी चाकासारखी उमलते आणि हवे त्या दिशेला बोट सरकवायचे. ज्याला इंग्रजी कळफलक ठाऊक नाही, पण बाराखडी पाठ आहे, अशा माणसाचा विचार करून हे रूप आखले आहे. वापरणाऱ्याला आधीपासून काय येते, तेथून सुरुवात करणे याहून चांगला अभिकल्प क्वचितच असेल.

याच आयआयटीतून शिकलेल्या काही तरुणांनी ‘इंडस ओएस’ नावाची, अँड्रॉइडवर आधारलेली भारतीय भाषांची कार्यप्रणाली तयार केली. २०१५ मध्ये मायक्रोमॅक्सच्या स्वस्त फोनमधून ती बाजारात आली. संदेशावर बोट सरकविताच तो दुसऱ्या भाषेत किंवा लिपीत दिसावा, अशी सोय तीत होती. स्वतंत्र कार्यप्रणाली म्हणून ती टिकली नाही. २०२२ साली ती कंपनी फोनपेकडे गेली आणि २०२४ मध्ये तिच्यातून भारतीय भाषांतील ॲपचे एक दुकान उभे राहिले. अयशस्वी म्हणून हा प्रयत्न बाजूला सारणे योग्य होणार नाही, कारण भारतीय भाषांचा ग्राहक हा दुय्यम ग्राहक नव्हे, हे मोठ्या कंपन्यांना दिसू लागले ते अशाच काळात.

येथे एक विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. २०१४ साली अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीने सगळे रूप पालटले, खालच्या तीन बटणांना त्रिकोण, वर्तुळ आणि चौकोन असे आकार दिले, अनेकांची सवय मोडली. पण त्याच आवृत्तीत संपूर्ण फोन मराठीत चालविण्याची सोय प्रथम आली. ज्याने ‘मला बदल नको’ म्हणून ती आवृत्ती नाकारली, त्याने मराठीही नाकारली. पुढेही असेच घडत गेले. २०२२ च्या तेराव्या आवृत्तीत प्रत्येक ॲपसाठी वेगळी भाषा निवडता येऊ लागली. गार्डन रीचसारख्या ठिकाणी तिचा उपयोग फार. फोन मराठीत, मुलीच्या शाळेचे ॲप इंग्रजीत, आणि शेजारीण हात लावील ते बंगालीत! २०२३ च्या चौदाव्या आवृत्तीत अक्षरे दुपटीपर्यंत मोठी करण्याची सोय आली, तीही अशा बेताने की आधीच मोठे असलेले शीर्षक पडद्याबाहेर जाऊ नये. चाळिशीनंतर चष्मा लागलेल्या माणसाला हे एक वरदानच.

शिवाय अपडेटमध्ये रूपाबरोबर सुरक्षाही येते. चोरांना सापडलेली खिंडारे त्यातून बुजविली जातात. फोनवर बँकेचे व्यवहार करणाऱ्याने अपडेट कायमचे टाळणे म्हणजे दाराची कडी मोडलेली ठेवून रंग नको म्हणण्यासारखे आहे. फार जुनी आवृत्ती असल्यास ॲपही साथ सोडतात. जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीहून जुन्या फोनवर व्हॉट्सॲप चालेनासे झाले. महागड्या फोनसाठी काही कंपन्या आता सात वर्षे अपडेट देण्याचे वचन देतात. स्वस्त फोनला तेवढे आयुष्य क्वचितच मिळते. ज्याला नवा फोन घेणे परवडत नाही त्याचाच फोन आधी म्हातारा ठरतो, ही या व्यवस्थेतील उघड विषमता आहे. युरोपीय संघाने जून २०२५ पासून नियम केला, की विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे फोनला अपडेट मिळाली पाहिजेत. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने २०१६ साली ठरविलेल्या मानकानुसार सर्व २२ अधिसूचित भाषांतील मजकूर फोनवर वाचता आला पाहिजे. वाचता येण्याची हमी मिळाली. नीट वाचता येण्याची अजून मागावी लागते.

पाठांतर्गत प्रश्न

गार्डन रीचमधील गृहिणीने आपला गुप्त क्रमांक दुसऱ्याला सांगितला, याला पडद्यावरील कोणता बदल कारणीभूत झाला? ‘स्वरचक्र’ हा कळफलक कोणत्या वापरकर्त्याचा विचार करून आखला आहे? अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीबाबत लेखकाने ‘विरोधाभास’ हा शब्द का वापरला असावा? प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.

भाषाभ्यास

‘अपेक्षा’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी येतो. ‘उद्या पावसाची अपेक्षा आहे’ या वाक्यात काय घडेल याचा अंदाज आहे. ‘मुलाने वेळेवर घरी यावे, अशी आईची अपेक्षा आहे’ या वाक्यात काय घडावे याची इच्छा आहे. येणाऱ्या अपडेटविषयीच्या बातम्यांत हे दोन्ही अर्थ मिसळून जातात, आणि वाचकाची फसगत होते. पण मराठी क्रियापद नीट पाहिले, तर ते आपण होऊन खरे काय ते सांगते.

पुढील वाक्ये क्रमाने वाचा. ‘कंपनीने नवे रूप जाहीर केले आहे.’ ‘नवे रूप येणार आहे.’ ‘नवे रूप येईल.’ ‘नवे रूप येण्याची शक्यता आहे.’ ‘नवे रूप येत आहे म्हणे.’ पहिले वाक्य घडून गेलेल्या गोष्टीची नोंद आहे. ते तपासून पाहता येते. दुसऱ्यात ठरलेला बेत आहे. तिसऱ्यात साधा भविष्यकाळ, म्हणजे बोलणाऱ्याचा विश्वास. चौथ्यात अंदाज. आणि पाचव्यात? ‘म्हणे’ हा शब्द फार कामाचा आहे. बोलणारा त्या एका शब्दाने सांगून टाकतो, की हे मी पाहिलेले नाही, कोणाकडून तरी ऐकले. जबाबदारी माझी नाही. अनेक बातम्या लिहिताना हा ‘म्हणे’ गाळलेला असतो. वाचताना तो आपण मनातल्या मनात घालून पाहावा. ‘पुढच्या आवृत्तीत सर्व बटणे जाणार’ या मथळ्यापुढे ‘म्हणे’ ठेवले, की त्याचे वजन किती ते लगेच कळते.

इच्छा सांगणारे रूप याहून वेगळे आहे. ‘अक्षरे मोठी असावीत’, ‘मात्रा कापल्या जाऊ नयेत’, ‘जुनी बटणे ठेवण्याचा पर्याय मिळावा’. धातूला ‘आवा-आवी-आवे’ हे प्रत्यय लागून झालेल्या या रूपास विध्यर्थ म्हणतात. नकारार्थी वाक्यात ‘नये’ व ‘नयेत’ ही रूपे येतात. विनंती, कर्तव्य, इच्छा, योग्यता असे अर्थ यातून व्यक्त होतात. अर्ज, निवेदन आणि सूचना यांची भाषा मुख्यतः याच रूपावर उभी असते. ‘तुमचे अपडेट वाईट आहे’ हे वाक्य राग सांगते, पण काय करावे ते सांगत नाही. ‘मराठी भाषा निवडली असता “रक्कम भरा” हे बटण अपुरे दिसते, संपूर्ण शब्द दिसेल एवढी जागा असावी’ या वाक्यात स्थळ आहे, अडचण आहे आणि मागणी आहे. पहिल्या वाक्याला कोणी उत्तर देणार नाही. दुसरे वाक्य वाचणाऱ्या अभियंत्याला काम मिळते.

सूचना कोठे पाठवायची, असाही प्रश्न पडेल. बहुतेक फोनमध्ये सेटिंगच्या तळाशी, आणि बहुतेक ॲपमध्ये ‘मदत’ या भागात, ‘अभिप्राय’ किंवा ‘फीडबॅक’ नावाची जागा असते. तेथे मराठीतही लिहिता येते. सोबत अडचण दाखविणारे पडद्याचे छायाचित्र जोडल्यास अधिक चांगले. मात्र त्या चित्रात खाते क्रमांक, फोन क्रमांक किंवा आलेला ओटीपी दिसत नाही ना, हे आधी पाहावे.

स्वाध्याय

१. पुढील वाक्यांतील क्रियापदे ओळखून प्रत्येक वाक्य वस्तुस्थिती, बेत, अंदाज, ऐकीव गोष्ट की इच्छा यांपैकी काय सांगते ते लिहा: (अ) तेराव्या आवृत्तीत प्रत्येक ॲपसाठी वेगळी भाषा निवडण्याची सोय आली. (आ) पुढच्या वर्षी फोनचे कुलूप नजरेनेच उघडेल म्हणे. (इ) पैसे पाठविण्यापूर्वी रक्कम अक्षरांतही दाखवावी. (ई) आमच्या फोनला हे अपडेट मिळण्याची शक्यता कमी आहे.

२. ‘आचार्यांना’ व ‘आचाऱ्यांना’, ‘दर्या’ व ‘दऱ्या’ या शब्दांचा वाक्यांत उपयोग करा. तुमच्या फोनवर हे चारही शब्द टंकलिखित करून पाहा व कोणते अक्षर मिळविण्यास अडचण आली ते नोंदवा.

३. मोडी लिपी मागे पडण्याचे कोणते कारण पाठात दिले आहे? ते तुम्हाला पुरेसे वाटते का? पाच-सहा ओळींत लिहा.

४. घरातील किंवा शेजारील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीजवळ बसा. त्यांच्या फोनवर गेल्या अपडेटनंतर कोणती गोष्ट सापडेनाशी झाली, ते विचारा. ती शोधून काढा. पण फोन आपल्या हातात न घेता, त्यांच्याच बोटाने ती कृती तीन वेळा करवून घ्या. त्यानंतर त्यांच्या अडचणीविषयी कंपनीस पाठविण्यासाठी विध्यर्थी क्रियापदांचा उपयोग करून आठ ओळींची सूचना लिहा आणि पाठविण्यापूर्वी ती त्यांना वाचून दाखवा.